धामणीचं धनुष्य आणि त्याचे बाण : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

धामणीच्या लाकडाची फाक अखेर धनुष्यासाठी कामाला घेतली. ओंडका उभा चिरला तेव्हाच साल सोलून पाठीवर सरसाचा पातळ हात दिला होता आणि दोन्ही टोकं जाड रंगानं बंद केली होती. टोकं उघडी ठेवली की ओल तिथून भराभर निघून जाते आणि लाकूड तडकतं. तेव्हापासून फाक सावलीत आडवी पडून होती. वजनकाट्यावरचा आकडा बरेच दिवस हललेला नाही, म्हणजे आतली ओल बाहेरच्या हवेशी जुळली. धनुष्याला ८ ते १० टक्के ओल मानवते. त्याहून ओलं लाकूड वाकवलं तर वाकलेलंच राहतं, आणि फार कोरडं झालं तर सूचना न देता मोडतं.

मापं: लांबी ६६ इंच, ओढ (पूर्ण ताणल्यावर मुठीपासून दोरीचं अंतर) २८ इंच, ताकद (तेवढं ओढायला लागणारा जोर) ४० पौंडांच्या आसपास. मूठ ताठ ठेवायची असेल तर ओढीच्या दुप्पट आणि वर आठ-दहा इंच, हा एकसंध लाकडी धनुष्याचा साधा हिशेब. भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, मुठीजवळ दोन इंच रुंद, टोकाशी अर्धा इंच.

धामणच का? कुऱ्हाडी-फावड्यांच्या दांड्यांना ती वापरतात, कारण दणका सोसते आणि वाकून परत येते. यू, ओसेज ऑरेंज आणि हिकरी ही परदेशी झाडांची नावं ऐकली की धनुष्य करणारे हळवे होतात. पण डेन्मार्कमध्ये होल्मगार्डला सापडलेलं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं धनुष्य साध्या एल्मचं आहे. लाकडाच्या जातीइतकंच, किंबहुना जास्तच, धाग्याच्या सरळपणाला महत्त्व आहे.

आज फक्त रेघा मारल्या. मधली रेघ फूटपट्टीनं मारायची नाही. फाक मधे किंचित डावीकडे झुकते, तर रेघही तशीच झुकते. पेन्सिल धाग्यावर टेकवून तो नेईल तिकडे हात जाऊ द्यायचा. रेघ सरळ ओढण्याच्या हट्टापायी धागे आडवे कापले जातात, आणि पाठीवरचा धागा तुटला की तिथून ढलपी उचलते. सालीखालचा पृष्ठभाग हीच धनुष्याची पाठ. तिला आता कुठलंही हत्यार लागणार नाही. काय तासायचं ते पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूनं.

१४ जानेवारी

वाकसानं ढोबळ तासून झालं, मग रंधा. वरच्या भुजेत करंगळीच्या नखाएवढी गाठ आहे. तिच्याभोवती दोन्ही बाजूंनी लाकूड जास्तीचं ठेवलंय. धागे गाठीला वळसा घालून जातात, कडही तसाच वळसा घेते. दिसायला बेढब आहे, पण मला आवडतं.

२१ जानेवारी

जमिनीवर टेकवून वाकवायला सुरुवात. एक टोक जमिनीवर, एक हात मुठीवर, दुसरा वरच्या टोकावर आणि अंगाचा भार. भुजा कुठे ताठ आहे ते तळहाताला आधी कळतं, डोळ्याला नंतर.

इथून पुढे खरवडायचा वेग कमी करावा लागतो, आणि त्याला गणिती कारण आहे. ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी १० टक्के कमी केली तर ताठपणा १० टक्केच उतरतो. जाडी १० टक्के कमी केली तर तो ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ७३ टक्क्यांवर येतो. अर्धा इंच जाडीच्या भुजेत १० टक्के म्हणजे सव्वा मिलिमीटर, कानशीचे जरा जोरकस हात. म्हणून आता कानस भिंतीवर टांगली. पुढचं काम स्क्रेपरच्या पट्टीचं.

२ फेब्रुवारी

वाक बसवायचं काम, ज्याला सगळे टिलरिंग म्हणतात, ते भिंतीवर. मूठ एका खाचेत बसवली, सैल लांब दोरी चढवली, ती कप्पीवरून खाली आणून वजनकाट्याला जोडली आणि समोर सहा हात लांब उभा राहिलो. मागे भिंतीवर चौकटीचा कागद चिकटवलाय, त्यामुळे दोन भुजांतला फरक लपत नाही.

पद्धत अशी. ओढायचं, बघायचं, जिथे वाकत नाही तिथे पेन्सिलीनं खूण करायची आणि फक्त तिथेच खरवडायचं. जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही, बाकीच्या भुजेला त्याच्या बरोबरीला आणायचं. खरवडल्यावर लगेच निकाल बघण्यात अर्थ नसतो. दोरी वीस-तीस वेळा थोडी थोडी ओढून सोडली की लाकडाला झालेला बदल जाणवतो, मग आकार खरा दिसतो. आणि काट्यावर ठरवलेल्या ताकदीपलीकडे कधीच ओढायचं नाही, मग ओढ १२ इंचच का भरेना.

वरच्या भुजेत मधल्या एक-तृतीयांश भागात ताठपणा आहे, गाठीमुळे. खालची भुजा मुद्दाम किंचित ताठ ठेवतोय, दोरीपासूनच्या अंतरात साधारण पाव इंचाचा फरक. बाण मुठीच्या वरून सुटतो, म्हणजे दोरी मध्याच्या थोडी वरून ओढली जाते आणि खालच्या भुजेवर जास्त ताण येतो.

भाचा बराच वेळ खुर्चीवर बसून बघत होता. शेवटी म्हणाला, “मामा, एवढं घासल्यावर बाण कधी करणार?”

“धनुष्य होऊ दे की.”

“आणि बाण नसला तर याचं काय करायचं?”

उत्तर दिलं नाही, पण प्रश्न बरोबर होता.

११ फेब्रुवारी

दोरी. डेक्रॉन या कृत्रिम धाग्याचे बारा पदर, सहा-सहाचे दोन पेड उलट-सुलट पिळून वरच्या टोकाला फास आणि खालच्या टोकाला सरकगाठ. मेण भरपूर. जवसाच्या धाग्याची दोरी दिसायला आणि वाजायला छान, पण ती तुटण्याआधी काही कळवत नाही आणि भरल्या धनुष्याची दोरी तुटली तर भुजेला रिकामा हिसका बसतो. बाण न लावता ओढून सोडण्याची बंदी याच कारणानं. बाणाला द्यायची ऊर्जा मग लाकूडच पचवतं, नाहीतर पचवता न आल्यानं फुटतं.

२३ फेब्रुवारी

२८ इंचांवर ४१ पौंड. दोरी उतरवल्यावर टोकं मुठीच्या रेषेपासून दोरीच्या बाजूला दीड इंच आलेली दिसली, तासाभरानं एक इंचावर गेली. एकसंध लाकडाला एवढा बाक चालतो. पोटाकडे भिंग लावून पाहिलं, दाबाच्या आडव्या सुरकुत्या कुठेही नाहीत. जवसाच्या तेलाचे हात देऊन टांगून ठेवलं.

चित्रं काढून दाखवायची तर बहुतेक लोक इथे थांबतात. भिंतीवर धनुष्य, खाली दिवा, झालं. मला तसं वाटत नाही. धनुष्य एकच करायचं असतं. त्याला फक्त स्वतःच्या दोन भुजांशी जुळायचं असतं. बाणाला मात्र धनुष्याशी जुळायचं असतं आणि शिवाय बाकीच्या सगळ्या बाणांशी. एक उत्तम बाण म्हणजे अपघात, सहा सारखे बाण म्हणजे कसब.

१ मार्च

ओत्झी डोक्यातून जात नाही. १९९१ मध्ये आल्प्समधल्या हिमनदीत सापडलेला, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस. जवळ यूच्या लाकडाचं १.८२ मीटर लांब धनुष्य, तेही अर्धवट, तासल्याच्या खुणा अजून अंगावर. आणि भात्यात चौदा बाण. त्यातले फक्त दोन पुरे झालेले: पिसं बसवलेली, चकमकीची टोकं लावलेली. उरलेले बारा नुसते दांडे. हे वाचलं की मला त्या माणसाच्या कामाचा क्रम स्पष्ट दिसतो. दांडे आधी जमवायचे, कारण सरळ दांडा मागून मिळत नाही. बाकीचं होत राहील.

त्याच्या दोन पुऱ्या बाणांची पिसं बर्चच्या डांबरात बसवून वर बारीक दोऱ्याचे वेढे दिलेले आहेत. दांडे व्हायबर्नम या झुडपाच्या कोवळ्या फांद्यांचे. २००१ मध्ये क्ष-किरणांत त्याच्याच डाव्या खांद्यात दगडी बाणाग्र दिसलं. म्हणजे कुणा दुसऱ्याचा बाण पुरा झालेला होता.

मेरी रोझचंही तसंच. १५४५ मध्ये बुडालेलं इंग्लिश जहाज, सांगाडा १९८२ मध्ये वर काढला. त्यात दीडशेहून जास्त धनुष्यं निघाली आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण. सगळे बोलतात धनुष्यांबद्दल.

८ मार्च

माझे दांडे बांबूचे. बारीक, करंगळीपेक्षा कमी जाडीचे, सावलीत वाळलेले, पेरं लांब. ओंजळीत धरून टोकाकडून नजर टाकायची. सरळ म्हणून उचललेला प्रत्येक दांडा दोन-तीन ठिकाणी वाकडा निघतो.

सरळ करायला निखारे. ज्वाळा नको, ती साल करपवते. दांडा निखाऱ्यांच्या वर चार बोटं धरून फिरवत राहायचा. थोड्या वेळानं सालीवर चकाकी येते, मग बारीक थेंबांसारखा तेलकट घाम दिसतो आणि हाताला बोटभर अंतरावरून धग लागते. तोच क्षण. लगेच बाहेर काढून, लाकडाच्या खाचेत अडकवून, वाकाच्या उलट दिशेला थोडा जास्तच दाबायचा आणि गार होईपर्यंत तसाच धरायचा. गार व्हायच्या आत सोडला तर तो जुन्या जागी परत जातो. आधी पेरांमधला भाग, मग पेराची गाठ. गाठ हट्टी असते, तिला जास्त उष्णता आणि जास्त सबुरी लागते. घाई केली तर गाठीच्या आतल्या बाजूला चुरगळते, मग तो दांडा झाडांना आधार द्यायला.

गाठींचे कंगोरे कानशीनं उतरवले, पण पेरांमधली साल तशीच. बांबूची ताकद बाहेरच्या कडक थरात असते. तो खरवडणं म्हणजे चांगला भाग केरात टाकणं.

रात्रभर ठेवून सकाळी परत नजर. काही दांडे पुन्हा वाकलेले असतात. त्यांना परत निखारे.

१६ मार्च

आजचं काम रटाळ आणि सगळ्यांत महत्त्वाचं. दांड्यांचा लवचीकपणा मोजणं.

उपकरण घरगुती: २६ इंचांच्या अंतरावर दोन खुंट्या, त्यांवर दांडा, मधोमध दोन पौंडांचं म्हणजे ९०७ ग्रॅमचं वजन, आणि मागे पट्टी. दांडा किती झुकला ते इंचात वाचायचं. २६ ला त्या आकड्यानं भागलं की तो दांडा किती पौंडांच्या धनुष्याला शोभेल ते निघतं. ०.६५ इंच झुकला तर ४० पौंड.

याची गरज का पडते? बाण मुठीच्या मधून जात नाही, बाजूनं जातो. दोरी मात्र त्याला मध्याकडे ढकलत असते. म्हणजे सुटताना बाणाचं टोक बाहेरच्या दिशेला रोखलेलं असतं, तरी चांगला बाण नेम धरला तिथेच जातो. कारण दोरीच्या धक्क्यानं तो आधी मुठीभोवती वाकतो, मग उलट वाकतो आणि मुठीला शेपूट न घासता निसटतो. १९३० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॅरन्स हिकमन यांनी वेगवान छायाचित्रणानं हे वाकणं टिपलं, तोवर त्यावर नुसते वाद होते. दांडा फार ताठ असेल तर वाकतच नाही, मुठीवर आपटतो आणि उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार मऊ असेल तर उजवीकडे.

माझ्या धनुष्याची मूठ मधे कापलेली नाही, म्हणून दांडे जरा मऊच हवेत: ०.६५ ते ०.७२ इंच. जमवलेल्या जुडीतले निम्म्याहून कमी या पट्ट्यात बसले. बरेच ०.५० ते ०.५५ मधे, म्हणजे जवळपास ५० पौंडांच्या धनुष्याचे. ते वेगळे बांधून ठेवले.

बांबूत आणखी एक गंमत आहे. तोच दांडा फिरवून मोजला तर आकडा बदलतो, कारण फांदी फुटायच्या बाजूला खोबण असते. ताठ बाजूवर खूण केली. ती बाजू मुठीला लागून राहील, सगळ्या बाणांत तीच.

२९ मार्च

बाणाग्रं. नेमबाजीच्या सरावाला साधी लोखंडी टोकं, ६.५ ग्रॅमची. पण थोडी काचेची घडवायचीच होती.

जाड बाटलीचा तळ घेतला. काच, ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच), चकमक, चर्ट (चकमकीसारखाच दगड) ही सगळी एकाच पद्धतीनं फुटतात: धक्का बसलेल्या बिंदूपासून शिंपल्यासारख्या गोलाकार लाटांत. त्यांत धागा नसल्यामुळे फूट कुठे जाईल ते ठोकणारा ठरवतो.

अवजार म्हणजे लाकडी मुठीत बसवलेली जाड तांब्याची तार. डाव्या तळहातावर जाड कातडं, त्यावर काच. आधी काचेची कड खडबडीत दगडावर घासून बोथट करायची. नवख्याला हे उलटं वाटतं, पण धारदार कड दाबाखाली चुरा होते आणि अवजार घसरतं. बोथट कड दाब पेलते. मग तारेचं टोक कडेवर टेकवून आधी आत, काचेच्या पोटाच्या दिशेनं दाब वाढवत न्यायचा आणि शेवटच्या क्षणी किंचित खाली. टिक्‌ असा बारीक आवाज येतो आणि कातड्यावर लांबट, पारदर्शक कपची पडते. पालथं करून बघितलं तर काचेवर तिचा उथळ पन्हाळीसारखा ठसा. असे ठसे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचले की पातं भरीव आणि पातळ होतं. कपच्या कडेलाच तुटत राहिल्या तर मधे फुगवटा उरतो.

तांब्याची तार आणि बाटलीची काच बघून ‘हे खरं नव्हे’ म्हणणारे असतात. ‘याही’ नावाच्या आदिवासी समाजातला इशी, १९११ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांसमोर आलेला, दगडी टोकं घडवण्यात कमालीचा वाकबगार होता. तो बाटलीच्या काचेची टोकं लोखंडी अवजारानं घडवायचा. त्याच्याकडून डॉक्टर सॅक्स्टन पोप धनुर्विद्या शिकले. इशीला काच चालत होती तर मलाही चालते.

माझी टोकं लहान आहेत, अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी, अडीच ग्रॅमच्या आसपास. खरी बाणाग्रं अशीच लहान असतात. उत्तर अमेरिकेत सापडणारी तळहाताएवढी ‘बाणाग्रं’ बहुतेक भाल्यांची टोकं किंवा सुऱ्या आहेत.

हे काम उघड्यावर, चष्मा आणि मास्क लावून, खाली ताडपत्री अंथरून. चकमकीची धूळ फुप्फुसात साठते. इंग्लंडमधल्या ब्रँडन गावात बंदुकांच्या चकमकी फोडणारे कारागीर सिलिकोसिसनं मरायचे. पंखा लावून बंद खोलीत हे करायला बसू नये.

६ एप्रिल

बांबूत थेट खाच पाडून टोक बसवलं तर दांडा उभा चिरतो. म्हणून धामणीच्याच तुकड्याची बोटभर अग्रदांडी केली. तिचा निमुळता भाग बांबूच्या पोकळीत आणि पुढच्या खाचेत काचेचं टोक. दांड्याच्या तोंडाशी आधी दोऱ्याचे घट्ट वेढे.

चिकटवायला राळ, मेण आणि कोळशाची वस्त्रगाळ पूड. साधारण चार-पाच भाग राळ, एकेक भाग बाकीचे. मंद आचेवर नुसतं वितळवायचं, उकळवायचं नाही. राळ पेट घेते. थेंब गार दगडावर टाकून नखानं उडवून पाहिला: काचेसारखा फुटला तर मेण वाढवायचं, दबला तर कोळसा. वरून तातीचे ओले वेढे. तात कोमट पाण्यात भिजली की स्वतःच्याच सरसानं चिकटते आणि वाळताना आवळत जाते, गाठ मारावी लागत नाही.

१२ एप्रिल

पिसं हंसाची, एका बाणाला तीन, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. डाव्या आणि उजव्या पंखाचं पीस वेगवेगळ्या बाजूला वळलेलं असतं. मिसळली तर बाण कुठल्याच दिशेला धड फिरत नाही. देठ उभा चिरून, घासून पातळ केला, लांबी पाच इंच. पुढचं आणि मागचं टोक सरसात, मग ओत्झीच्या बाणासारखे पिसाच्या केसांमधून दोऱ्याचे वेढे. प्रत्येक वेढ्याला सुईनं केस बाजूला करावे लागतात. मान दुखली.

दोरीची खाच पेराच्या गाठीच्या लगेच मागे घेतली. गाठ आडवी असल्यानं चीर तिथे अडते.

२० एप्रिल

पंधरा मीटरवर गवताच्या भाऱ्यांवर चाचणी. मागे मातीचा उंच बांध. प्रत्येक बाण आधी कानाजवळ धरून वाकवून ऐकला, चिरकला तर बाद.

बिनपिसांचा एक दांडा लोखंडी टोक लावून सोडला. तो पिसांच्या बाणांच्या शेजारी, अगदी थोडा उजवीकडे लागला. समाधानकारक. जुळवलेले लोखंडी टोकांचे बाण पंजाएवढ्या जागेत जातात, आणि मी काही फार मोठा नेमबाज नाही. वजन २८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४३० ग्रेन, पौंडाला दहा ग्रेनहून थोडं जास्त. हलका बाण वेगानं जातो, पण धनुष्याला त्रास देतो. हा भार ठीक.

काचेच्या टोकांचे दोन बाण मात्र चार बोटं डावीकडे. टोक हलकं झालं की दांडा ताठ असल्यासारखा वागतो. अग्रदांडी पूर्वी फार बारीक तासली होती. आता ती जाड आणि थोडी लांब करून चार ग्रॅमवर आणली. अडीच अधिक चार, साडेसहा.

२७ एप्रिल

जाड अग्रदांडीचे बाण लोखंडी टोकांच्या बाणांबरोबर एकाच घोळक्यात गेले. काचेचं एक टोक भाऱ्यातल्या काडीच्या गाठीवर आदळून तुटलं, पण राळ आणि तात जशीच्या तशी. तुकडा भाऱ्याखालच्या ताडपत्रीवर मिळाला.

ताठ दांड्यांची जुडी अजून तशीच बांधलेली आहे, चांगली सरळ. त्याच ओंडक्याची दुसरी फाक सावलीत वाळतेय. तिचं धनुष्य ५० पौंडांचं, या दांड्यांच्या मापानं करायचं. मूठ थोडी अरुंद. आधी दांड्यांना पिसं लावून घेतो, मग फाक हातात घेतो.